विरचनेच्या वाटेने सामाजिक कादंबरी कशी वाचावी: ‘पण लक्षात कोण घेतो’ हाताशी धरून नवख्यांसाठी

एम.ए. मराठीच्या दुसऱ्या वर्षी मी विरचनेवर (इंग्रजीत ‘डिकन्स्ट्रक्शन’) पहिला निबंध लिहिला. चांगली अठरा पानं. विरचनेचा विचार मांडणारा फ्रेंच तत्त्वज्ञ देरिदा होता, भाषाशास्त्रज्ञ सोस्यूर होता, ‘केंद्र’, ‘खेळ’, ‘अर्थाचं पुढे पुढे ढकललं जाणं’, सगळं होतं. सरांनी वही परत दिली तेव्हा शेवटच्या पानाच्या समासात पेन्सिलीने तीनच शब्द लिहिलेले होते: ‘कादंबरी कुठे आहे?’ तेव्हा राग आला होता. आता आमच्या वाचनकट्ट्यावर दरवर्षी नवी मुलं येतात आणि अगदी तसाच निबंध वाचून दाखवतात. त्यांच्यासाठी, आणि घरी बसून हे करून बघणाऱ्या कोणासाठीही, ही वाट पायरीपायरीने लिहून ठेवतोय.

उदाहरण म्हणून एकच कादंबरी घेतो: हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो’. १८९० साली त्यांनी सुरू केलेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकातून ती क्रमशः आली आणि १८९३ मध्ये पुस्तक झाली. यमू नावाची मुलगी आपली कहाणी स्वतः सांगते: बालपण, लग्न, सासुरवास, नवऱ्याबरोबर मुंबईतले सुखाचे दिवस, वैधव्य, आणि मग सासरच्या माणसांनी बळजबरीने केलेलं केशवपन. बहुतेकांनी ती अभ्यासक्रमात वाचलेली असते किंवा निदान तिच्याबद्दल ऐकलेलं असतं, म्हणून निवडली.

आधी काय हाताशी हवं

- कादंबरी, पूर्ण. संक्षिप्त आवृत्ती चालणार नाही. आपटे १९१९ साली गेले, त्यामुळे हक्काचा प्रश्न नाही. जुन्या प्रतींचे स्कॅन मिळतात. दोन वेगळ्या आवृत्त्या मिळाल्या तर फारच बरं.
- मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७ ची, इंटरनेटवर सहज शोधता येते) आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’. या दोन कोशांशिवाय एकोणिसाव्या शतकातलं मराठी विरचनेच्या अंगाने वाचायला जाऊ नका.
- एक वही, एक पेन्सिल. पेन नको, कारण जे लिहाल त्यातलं अर्धं खोडाल.
- एका कागदावर काळाची पट्टी: १८५६ ते १८९३ या वर्षांत महाराष्ट्रात काय चाललं होतं. ती लगेच वापरायची नाही, घडी घालून वहीत ठेवायची.

काय नको, तेही सांगतो. देरिदाचं ‘ऑफ ग्रॅमॅटॉलॉजी’ पहिल्या दिवशी नको. मूळ फ्रेंच १९६७ चं; गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांनी १९७६ मध्ये इंग्रजीत आणलं आणि त्याला सुमारे ऐंशी पानांची प्रस्तावना जोडली. मी ती प्रस्तावना तीनदा सुरू केली आणि तीनदा सोडली. कादंबरीवर एकदा हात बसला की ती आपोआप कळायला लागते. उलट्या क्रमाने गेलात तर अठरा पानांचा निबंध तयार होतो.

१. शब्दाचा गैरसमज आधी दूर करा

मराठीत यासाठी ‘विखंडन’, ‘विघटन’, ‘विरचना’ असे शब्द फिरतात. पहिले दोन ऐकले की हातोडा डोळ्यांसमोर येतो: कादंबरी फोडायची, लेखक कसा दुटप्पी होता ते दाखवायचं आणि विजयी मुद्रेने खाली बसायचं. हा सगळ्यात मोठा सापळा आहे आणि पंचाहत्तर टक्के मंडळी याच दारात अडकतात (टक्केवारी माझ्या कट्ट्यावरची, अंदाजे).

‘विरचना’ हा शब्द मला म्हणूनच आवडतो. ‘वि’ उपसर्ग लावला की ‘रचना मोडणं’ असा अर्थ निघतो खरा, पण जुन्या पोथीच्या शेवटी ‘अमुक-विरचित’ लिहिलेलं असतं तिथे तोच शब्द ‘रचलेलं’ असं म्हणतो. मोडणं आणि रचणं एकाच शब्दात. देरिदाने १९८३ साली एका जपानी अभ्यासकाला पत्र लिहिलं होतं. आपल्या शब्दाला जपानी प्रतिशब्द शोधणाऱ्या त्या माणसाला तो परोपरीने सांगतो की ही ‘पद्धत’ नाही, ‘विश्लेषण’ही नाही. मराठी प्रतिशब्द त्याच्यासमोर ठेवला असता तर गडी खूश झाला असता असं मला उगीच वाटतं.

कामापुरती व्याख्या हवीच असेल तर ही घ्या: मजकूर जे ठासून सांगतो ते सांगायला त्याला कशाचा तरी आधार घ्यावा लागतो. तोच आधार कधी कधी त्याच्या सांगण्याच्या विरोधात जातो. ती जागा शोधायची.

आणि हो, ‘पद्धत नाही’ म्हटल्यावर मी पायऱ्या कशा काय सांगतोय, हा प्रश्न रास्त आहे. पोहायलाही पद्धत नसते, पण पहिल्या दिवशी पाठीला डबा बांधतातच. या पायऱ्या म्हणजे तो डबा.

२. पेन्सिल न धरता पूर्ण वाचा

एकदा. लेखकाच्या बाजूने. यमूबरोबर रडावंसं वाटलं तर रडा. मुंबईतल्या प्रकरणांत तिच्याबरोबर हसा. कादंबरीचा जोर तुमच्यावर चाललाच नाही, तर तो जोर कुठून येतो हे तुम्हाला सापडणार नाही.

३. कादंबरीला काय म्हणायचंय ते पाच ओळींत लिहा

टीका नाही, फक्त तिचं म्हणणं. माझ्या वहीतलं असं: ‘पांढरपेशा ब्राह्मण घरात बाईचं आयुष्य तिच्या हातात नसतं. बालविवाह, अशिक्षितपणा आणि विधवेचा छळ या रूढी तिला चिरडतात. शिकलेला, समजूतदार नवरा मिळाला तर तीच बाई फुलते. पण तो गेला की रूढी तिला पुन्हा गाठते. हे सगळं डोळ्यांसमोर होतं, तरी कोणाच्या लक्षात येत नाही.’

या पाच ओळी प्रामाणिक असल्या पाहिजेत. आपटे समोर बसलेत आणि ‘हो, हेच म्हणायचं होतं मला’ असं म्हणतायत, अशा असाव्यात. पुढची सगळी इमारत यावर उभी राहते. इथे लबाडी केलीत, लेखकाला मुद्दाम बावळट ठरवलंत, तर पुढे जे काही सापडेल ते तुम्हीच पेरलेलं असेल.

४. जोड्या मांडा, आणि कोण वर बसलंय ते पाहा

आता पेन्सिल घ्या. कादंबरी कोणत्या जोड्यांवर चालते? सुधारक आणि सनातनी. मुंबई आणि पुणे. शिकलेली बाई आणि न शिकलेली. मोकळा नवरा आणि कर्मठ वडीलधारे. प्रत्येक जोडीत एकाला वरची पायरी मिळालेली असते. या कादंबरीत ती कोणाला आहे हे शोधायला फार डोकं लागत नाही: मुंबईचं बिऱ्हाड वर, पुण्याचं घर खाली.

इथवर सगळे येतात. पुष्कळ जण इथेच थांबतात आणि जोड्यांची यादी हाच निबंध समजतात. तसं करू नका. यादी म्हणजे बाजारातून आणलेली भाजी. अजून चूल पेटायची आहे.

पुढचा सापळा जोडी नुसती उलटवण्याचा. ‘खरं तर सनातनीच बरे होते आणि सुधारकच वाईट’, असं म्हणून काही होत नाही. वरचा खाली आणि खालचा वर आला, पायऱ्या तशाच राहिल्या. उलटवायचं ते थोडा वेळ, दोन्ही बाजू कशावर उभ्या आहेत ते दिसावं म्हणून.

मुंबईच्या बिऱ्हाडाचं पाहा. यमूला तिथे वाचायला-लिहायला मिळतं, मोकळेपणी बोलता येतं, मित्रमंडळींच्या घरच्या बायकांत मिसळता येतं. हे सगळं कशामुळे? रघुनाथराव, म्हणजे यमूचा नवरा, तसे आहेत म्हणून. आता पुण्याच्या घराकडे या. तिथे बाईचं स्थान कशावर ठरतं? नवऱ्यावर. तो आहे तोवर ती सुवासिनी, तो नाही की ती कोणी नाही. रघुनाथराव जातात आणि मुंबईचं सगळं स्वातंत्र्य त्यांच्याबरोबर एका दिवसात संपतं. त्यातलं काहीही यमूच्या नावावर नव्हतं. सुधारकाचा कोट आणि सनातन्याची पगडी एकाच खुंटीला टांगलेली आहे, आणि ती खुंटी म्हणजे नवरा. कादंबरी दोन घरांतला फरक जितक्या कळकळीने दाखवते, तितकीच ही एक खुंटी उघडी पडत जाते.

हे आपट्यांना माहीत होतं का? कट्ट्यावर हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर: असेलही, नसेलही, आपल्याला ते ठरवायचं नाही. आपण मजकुराने काय केलं ते वाचतोय. आणि लक्षात घ्या, यामुळे कादंबरी लहान होत नाही. रघुनाथरावांच्या मृत्यूचा घाव इतका खोल का लागतो, ते मला तरी ही खुंटी दिसल्यावर कळलं.

अशीच दुसरी एक गाठ, थोडक्यात. दोष रूढीचा, असं कादंबरीचं म्हणणं. पण घाव घालणारा हात सासरच्या शंकरमामंजींचा, आणि ते तर पक्के ढोंगी. ते जितके वाईट रंगवले जातात तितकी रूढी निर्दोष सुटते: म्हणजे एखादा भला शंकरमामंजी असता तर चाललं असतं की काय? कथेला खलनायक हवा असतो, सुधारणेच्या युक्तिवादाला तो परवडत नाही. हा ताण नुसता नोंदवून ठेवा.

५. दोन्हीकडे झुकणारा एक शब्द पकडा

ही पायरी सगळ्यात मजेची आहे, म्हणून इथे जरा रेंगाळतो.

देरिदाने १९६८ मध्ये प्लेटोच्या ‘फीड्रस’ या संवादावर लिहिलं. त्यात एक इजिप्शियन दैवत राजाला लिहिण्याची कला देऊ करतं आणि म्हणतं, हे स्मरणशक्तीवरचं औषध आहे. राजा म्हणतो, यामुळे तर लोक विसरभोळे होतील. मूळ ग्रीक शब्द ‘फार्माकॉन’; त्याचा अर्थ औषध आणि विषही. भाषांतर करणारे एका ठिकाणी औषध लिहितात, दुसऱ्या ठिकाणी विष, आणि एकाच शब्दातला गुंता वाचकाच्या नजरेआड होतो.

आपल्या कादंबरीच्या जगात असा शब्द आहे का? आहे. ‘सोवळी’.

मोल्सवर्थ उघडा. सोवळं म्हणजे शुद्ध, न विटाळलेलं. पण ‘सोवळी’ म्हणजे केशवपन केलेली विधवा, हाही अर्थ तिथेच सापडेल. म्हणजे जिचं तोंड सकाळी बघायचं नाही, मंगलकार्यात जिने पुढे यायचं नाही, तिचंच नाव ‘शुद्ध’. केस राखलेली विधवा ओवळी, तिच्या हातचं देवाला चालत नाही. केस काढले की ती सोवळी, स्वयंपाकघरात चालते, पण लग्नमांडवात नाही. अशुभ ठरवणारी आणि शुद्ध ठरवणारी कृती एकच. आता कादंबरीतला केशवपनाचा प्रसंग पुन्हा वाचा. घरातली माणसं काय करतायत? शिक्षा देतायत की शुद्ध करून घेतायत? त्यांच्या भाषेत या दोन गोष्टी वेगळ्या काढता येत नाहीत, आणि म्हणून त्यांना आपण क्रूर आहोत असं वाटतही नाही. ‘क्रूर माणसं’ असं एका शब्दात निकालात काढलंत तर प्रसंगाची खरी भीती हातातून निसटते.

असा शब्द शोधायचा कसा? तीन खुणा. तो कथेतल्या सगळ्यात दुखऱ्या प्रसंगाजवळ असतो. त्याचे दोन अर्थ एकमेकांना काटतात, नुसते वेगळे नसतात. आणि दोन्हीपैकी एक अर्थ काढून टाकला तर प्रसंगच कोसळतो.

इथला सापळा: श्लेषाचा नाद. मी स्वतः त्यात पडलोय. ‘केशवपन’मधल्या ‘वपन’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थ भादरणं आणि दुसरा पेरणं. हे कळलं त्या रात्री मला झोप आली नाही. कापणं आणि पेरणं एकाच शब्दात, देरिदाच्या एका पुस्तकाचं तर नावच बीज विखुरण्यावरून! चार पानं लिहिली. सकाळी कादंबरी उघडून बघितलं, तर त्या दुसऱ्या अर्थाला कथेत कुठेही काम नव्हतं. तो माझा कोशातला शोध होता, कादंबरीतला नव्हे. चार पानं फाडली. ‘सोवळी’ राहिली, कारण ती घरात रोज उच्चारली जात होती आणि तिच्यावर माणसांचं खाणंपिणं, उठबस ठरत होती.

६. शीर्षक, साप्ताहिकाचं नाव, मुखपृष्ठ: कडा वाचा

नवखा वाचक पान एकपासून सुरू करतो. तुम्ही त्याच्या आधीपासून करा.

शीर्षक मोठ्याने म्हणा: पण लक्षात कोण घेतो. व्याकरणाने हा प्रश्न आहे. बोलण्याच्या ढबीने तो प्रश्न नाही, तर उत्तर आहे: कोणीही लक्षात घेत नाही. ‘ऐकतो कोण!’, ‘विचारतो कोण!’ म्हणतो तसंच. म्हणून तर वेगवेगळ्या मुखपृष्ठांवर आणि ग्रंथालयांच्या याद्यांत कुठे उद्गारचिन्ह दिसतं, कुठे प्रश्नचिन्ह, कुठे काहीच नाही. पॉल द मान या समीक्षकाने अशाच नुसत्या म्हणायच्या प्रश्नांवर लिहिलंय: व्याकरण एक सांगतं, अलंकार दुसरं, आणि कोणतं खरं हे वाक्य स्वतः ठरवू देत नाही. आपल्या शीर्षकात तर आणखी एक पेच आहे. ‘कोणी लक्षात घेत नाही’ हे वाक्य तुम्ही वाचलंत आणि तुम्हाला ते पटलं, म्हणजे एका माणसाने लक्षात घेतलं. शीर्षक खरं ठरायला ते कोणी वाचलेलंच नसावं लागतं. पाचशेहून जास्त पानं लिहून ‘कोण लक्षात घेतो’ म्हणणाऱ्याला, कोणीतरी घेईल ही आशा असतेच.

आता क्रियापद बघा. ‘घेतो’. मराठीत ‘कोण आला’, ‘कोण आली’, ‘कोण आलं’ हे तिन्ही चालतं. बाईच्या आत्मकथेच्या शीर्षकात लक्षात न घेणारा, किंवा घेऊ शकणारा, पुल्लिंगी आहे. भाषेची सवयच तशी, हे खरं. पण सवयीत काय दडलंय ते बघणं हेच तर आपलं काम. यमू बोलते बायकांबद्दल, आणि दाद मागते पुरुषाकडे. दुर्गीची, तिच्या मैत्रिणीची, हकिकत आपल्याला यमूच्या शब्दांत कळते. दुर्गी स्वतः काही लिहीत नाही. ‘घेतो’च्या जागी ‘घेते’ घालून पाहा. दुर्गीने यमूचं म्हणणं लक्षात घेतलं असतं तर ती वेगळी कादंबरी झाली असती.

साप्ताहिकाचं नाव ‘करमणूक’. आगरकरांचा ‘सुधारक’ १८८८ पासून निघत होता. समाजाला खडसावायचं काम तिथे चाललं होतं. करमणूक ही वर जोडलेली गोष्ट, जेवणानंतरचा विडा. आणि या विड्यातच सगळ्यात तिखट सामाजिक कादंबरी निघाली. देरिदाचा ‘पुरवणी’चा विचार समजून घ्यायला मला याहून सोपं उदाहरण सापडलेलं नाही: पुरवणी जोडावी लागते, कारण मूळ गोष्टीत काहीतरी उणं असतं.

आणखी एक कड: आपट्यांच्या सामाजिक कादंबऱ्या ‘आजकालच्या गोष्टी’ या नावाखाली येत. ‘आजकाल’ म्हणजे कधी?

७. ‘मी’ म्हणणारा आवाज कोणाचा

‘पुरुषाने बाईच्या नावाने लिहिलं’ एवढं म्हणून थांबू नका. ते मुखपृष्ठावरच लिहिलेलं आहे. ते घडलं कसं, ते मजकुरात पाहा. आणि इथे मराठी आपल्याला एक भेट देते. इंग्रजीत ‘मी गेलो’ आणि ‘मी गेले’ सारखंच. आपल्याकडे जाणं, बसणं, रडणं अशा क्रियापदांच्या भूतकाळावर बाई की पुरुष याचा शिक्का. म्हणजे हरिभाऊ आपट्यांना पानोपानी, ओळीओळीला ‘गेले’, ‘बसले’, ‘रडले’ असं नेसत जावं लागलं. एका ठिकाणीही पदर ढळून चालणार नव्हतं. त्याच काळात किर्लोस्कर नाटक मंडळीत भाऊराव कोल्हटकर स्त्रीभूमिका करत होते आणि प्रेक्षक ते डोळ्यांत प्राण आणून बघत होते, हे इथे आठवलं तर हरकत नाही.

यमूचं बोलणं किती घरगुती, किती माजघरातलं, असं कौतुक आपण करतो. खरं आहे. पण तो ‘बोलण्याचा’ आवाज लिहूनच तयार केलेला आहे. आवाज आधी आणि लिहिणं नंतर, ही समजूत देरिदाने आयुष्यभर तपासली. इथे तर क्रम उघडच उलटा आहे. त्याहून नवल पुढे आहे. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० मध्ये आल्या. म्हणजे बाईची कल्पित आत्मकथा आधी गाजली आणि बाईने स्वतः लिहिलेल्या आठवणी त्यानंतर. नक्कल अस्सलाच्या आधी येऊन बसली! रमाबाईंनी यमूची नक्कल केली असा याचा अर्थ नाही. तसं लिहिलंत तर मी पहिला भांडेन. अर्थ इतकाच की ‘अस्सल बाईचा आवाज’ या कसोटीने यमूला नापास करणं वाटतं तितकं सोपं नाही.

याच पायरीवर गप्प माणसं मोजा. केशवपनाच्या प्रसंगाला एक माणूस असावाच लागतो आणि त्याला बोलायला मिळत नाही: न्हावी. हत्यार त्याच्या हातात, पण तो गुन्हेगार नाही आणि साक्षीदारही नाही. आणि ती कादंबरी लिहिली जात होती त्या सुमारास, १८९० मध्ये, मुंबईत न्हाव्यांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं होतं. कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांची त्यामागे खटपट होती. कादंबरीला ज्याची गरज आहे पण ज्याचा आवाज परवडत नाही, तो माणूस रस्त्यावर बोलत होता. ‘सामाजिक’ कादंबरीतला समाज किती अंगणांपर्यंत पसरलाय, हे अशा एका न बोलणाऱ्या माणसामुळे कळतं.

८. आता काळाची पट्टी उघडा

घडी घातलेला कागद आठवतोय ना? आत्ताच का, आधी का नाही? कारण आधी उघडला की कादंबरी त्या पट्टीचं चित्र होऊन बसते आणि शब्दांकडे बघायचं राहून जातं. मीही पहिल्यांदा संमतिवयाच्या (शरीरसंबंधाला मुलीची संमती धरण्याचं किमान वय) वादापासून सुरुवात केली होती, आणि वीस मिनिटांत टिळक-आगरकरांवरच बोलत बसलो.

‘मजकुराबाहेर काही नाही’ हे देरिदाचं वाक्य ऐकून काही जण इतिहासच फेकून देतात. त्याचं म्हणणं तसं नाही. इतिहाससुद्धा आपल्याला कागदांतून, नोंदींतून, कायद्याच्या कलमांतून वाचावाच लागतो, मजकुराच्या पलीकडे उडी मारून थेट हाती लागत नाही, असा त्याचा रोख.

माझ्या पट्टीवर या नोंदी कामाच्या ठरल्या: १८५६, विधवाविवाहाला कायद्याची मान्यता. १८८२, ताराबाई शिंदे यांचा ‘स्त्रीपुरुष तुलना’ हा निबंध. १८८९, पंडिता रमाबाईंनी विधवांसाठी काढलेलं शारदासदन. १८९१, संमतिवयाचा कायदा, वय दहावरून बारा. यातली दुसरी नोंद शीर्षकाशेजारी ठेवून पाहा. बुलढाण्यातल्या एका खऱ्या बाईने आपल्या नावाने, आपल्या भाषेत, पुरुषांना जाब विचारला. आणि तो निबंध विस्मरणात गेला, तो स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत. यमूच्या आवृत्त्या निघत राहिल्या. लक्षात कोण घेतो, आणि कोणाचं?

इथे स्वतःलाच एक टोचणी: हे विरचनेचं वाचन की ग्रहणाचा, म्हणजे वाचकांनी पुस्तक कसं स्वीकारलं याचा, इतिहास? काटेकोर माणूस म्हणेल, दुसरं. मी ते ठेवतो, पण एका परिच्छेदापुरतं, आणि कादंबरीच्या शीर्षकाचा धागा हातात धरूनच.

९. लिहायला बसताना

- पहिल्या दोन परिच्छेदांत देरिदाचं नाव येऊ देऊ नका. त्याच्याशिवाय मुद्दा उभा राहत नसेल तर तो मुद्दा अजून झालेला नाही.
- एकाच गाठीवर लिहा. खुंटी घ्या, नाहीतर ‘सोवळी’ घ्या, नाहीतर ‘घेतो’. तिन्ही एका निबंधात कोंबलेत तर प्रत्येकीला दोन पानं मिळतील आणि ती एकीलाही पुरणार नाहीत. या लेखात मी तेच केलंय, पण मला उदाहरणं द्यायची होती.
- तिसऱ्या पायरीतल्या पाच ओळी निबंधात येऊ द्या. वाचकाला कादंबरीचं म्हणणं आधी कळू द्या, मग गाठ.
- ‘लेखकाचा दुटप्पीपणा उघड होतो’ हे वाक्य लिहिलंत तर खोडा. ‘इथे मजकूर अडतो’ असं लिहा आणि नेमकं कुठे अडतो ते पान सांगा.
- शेवटी ‘अशा प्रकारे अर्थ अनिश्चित आहे’ नको. सगळंच अनिश्चित म्हणणं म्हणजे काहीच न वाचणं. कोणते दोन अर्थ, कोणत्या शब्दापाशी, एकमेकांना का सोडत नाहीत, एवढं सांगा.
- आत्मकथा लिहिणाऱ्याला स्वतःचा शेवट लिहिता येत नाही. या कादंबरीची शेवटची पानं उघडा, तिथे कोणाचा हात चालतो ते बघा, आणि तुमच्या निबंधाचा मुद्दा तिथे टिकतो का तेही. माझा एकदा टिकला नव्हता.

एक कादंबरी झाली की दुसरी वेगळ्या मातीतली घ्या. सत्तेच्या राजकारणावरची हवी असेल तर अरुण साधू यांची ‘सिंहासन’ आहे. तिथला बातमीदार दिगू टिपणीस सत्तेच्या बाहेर उभा आहे की आत, या एका प्रश्नावर आमच्या कट्ट्याचे तीन रविवार गेले. फक्त तिथेही दुसऱ्या पायरीपासून सुरुवात करा, पेन्सिल खिशात ठेवून.